ऊन किती वेगाने तोडते?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे रस्त्यांची वाहतूक एकवटते. इंजिनांतून मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो आणि ओझोनशी गाठ पडली की त्याचा तांबूस नायट्रोजन डायऑक्साइड होतो. सुमारे ४२० नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश या रेणूतला एक ऑक्सिजन अणू तोडतो. तो सुटा अणू हवेतल्या ऑक्सिजनला जोडला जाऊन पुन्हा ओझोन तयार होतो. स्वच्छ आकाशात, भर दुपारी नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू सरासरी दोनेक मिनिटेच टिकतो.

तुटण्याचा हा वेग मोजायला प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर वापरतात. साधा सौरमापक सपाट पृष्ठभागावर पडणारे ऊन मोजतो, रेणूला मात्र वरून, खालून, आजूबाजूने येणारा सगळाच प्रकाश लागू पडतो. म्हणून यंत्राचा प्रकाश टिपणारा भाग घुमटाकार असतो.

यंत्र नसेल तिथे गणित. सूर्याची उंची, ढग, धूलिकण आणि जमिनीवरून परतणारा प्रकाश यांवरून प्रारूप वेग काढते. नाशिक २० अंश उत्तरेला, त्यामुळे मेच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य डोक्यावर येतो. जुलैत मात्र दाट ढग खाली येणारा प्रकाश अडवतात. ढगांचा अंदाज चुकला की उत्तरही चुकते. प्रारूपाची खरी कसोटी पावसाळ्यातच.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्याने या ओझोननिर्मितीकडे लक्ष द्यायलाच हवे. कॅलिफोर्नियात १९५८ मध्येच द्राक्षाच्या पानांवरचे बारीक गडद ठिपके ओझोनमुळे पडतात, असे दाखवून दिले गेले होते.