खून उलगडले, ती दोघं अडकली

सप्टेंबर २०२५ मध्ये 'द हॉलमार्क्ड मॅन' आलं आणि कॉर्मोरन स्ट्राइक मालिकेची आठ पुस्तकं झाली. पहिलं आलं होतं २०१३ मध्ये. मधल्या बारा वर्षांत लंडनमधल्या या खासगी गुप्तहेराने मॉडेल, लेखक, मंत्री अशा नाना जणांच्या मरणाचा छडा लावला. मात्र स्वतःच्या ऑफिसातल्या रॉबिन एलाकॉटशी त्याचं नेमकं काय नातं आहे, याचा छडा त्याला लागलेला नाही. लागलाय म्हणा, पण तो तोंड उघडत नाही. खुनी कोण हे मी पुढे कुठेही सांगणार नाही. त्या दोघांबद्दल मात्र सगळं बोलणार आहे, कारण माझ्यासारखे वाचक आता त्यांच्यासाठीच ही जाडजूड पुस्तकं विकत घेतात.

'द ककूज कॉलिंग' आलं तेव्हा लेखक म्हणून रॉबर्ट गॅलब्रेथ हे अनोळखी नाव होतं. परीक्षणं बरी आली, खप मात्र बेताचाच. जुलैमध्ये 'संडे टाइम्स'ने या नावामागे जे. के. रोलिंग असल्याचं फोडलं आणि पुस्तक रातोरात पहिल्या क्रमांकावर गेलं. मला ते पहिलं पुस्तक आवडतं ते त्याच्या जिन्यामुळे. डेन्मार्क स्ट्रीट या गिटारींच्या दुकानांच्या गल्लीत वरच्या मजल्यावर कळकट ऑफिस. एजन्सीने आठवडाभरासाठी पाठवलेली रॉबिन जिना चढून येते. आदल्याच रात्री तिच्या बोटात अंगठी आलेली, त्यामुळे स्वारी हवेत. तेवढ्यात दार उघडून सव्वासहा फुटी माणूस बाहेर येतो आणि तिला धडकतो. ती मागे कोसळणार, इतक्यात तो हाताला येईल ते पकडतो. जीव वाचतो, पण पकड भलत्याच ठिकाणी बसल्याने दोघंही अवघडतात. अफगाणिस्तानात एक पाय गमावलेला, कर्जात बुडालेला, ऑफिसातच कॅम्प कॉटवर झोपणारा स्ट्राइक आणि लहानपणापासून गुप्तहेर व्हायचं स्वप्न कुणालाही न सांगितलेली रॉबिन! एवढ्या धांदलीच्या प्रसंगात लेखिकेने पुढच्या हजारो पानांचं भांडवल जमा केलं.

दुसरं 'द सिल्कवर्म' हुशार आहे, जरा किळसवाणं आहे, आणि प्रकाशन व्यवसायातल्या हेव्यादाव्यांवर त्यात मनसोक्त तोंडसुख घेतलंय. तिसरं 'करिअर ऑफ ईव्हिल' (२०१५) मात्र वेगळ्या जातीचं. रॉबिनच्या नावाने आलेल्या पार्सलमध्ये एका बाईचा कापलेला पाय निघतो, आणि त्या प्रकरणाच्या ओघात रॉबिनचा भूतकाळ उघडतो. विद्यापीठात असताना तिच्यावर अत्याचार झाला होता. त्या काळात तिचा आताचा होणारा नवरा मॅथ्यू तिच्या पाठीशी उभा राहिला, म्हणून ती त्याला धरून आहे. मॅथ्यू हा अडथळा लेखिकेने बाहेरून आणून ठेवलेला नाही, तो रॉबिनच्या भीतीतून उगवलाय. म्हणूनच शेवटी ती त्याच्याशी लग्नाला उभी राहते, तेव्हा आपण चिडतो, पण ते खोटं वाटत नाही. स्ट्राइक धापा टाकत चर्चमध्ये पोचतो, फुलांची सजावट पाडतो, आणि पुस्तक तिथेच संपतं. पुढचं पुस्तक तब्बल तीन वर्षांनी आलं.

'लीथल व्हाइट' (२०१८) त्याच लग्नाच्या मेजवानीत सुरू होतं. स्ट्राइकच्या फोनची नोंद मॅथ्यूने रॉबिनच्या मोबाइलवरून पुसून टाकली होती, हे तिला कळतं. मग जिन्यात दोघांची ती घट्ट मिठी. २०१२च्या ऑलिंपिकची पार्श्वभूमी, संसदेतलं राजकारण हे सगळं ठीक आहे. मला त्यातला खून आज धड आठवत नाही, मिठी आठवते.

माझ्या मते मालिकेचं शिखर म्हणजे 'ट्रबल्ड ब्लड' (२०२०). नऊशेच्या वर पानं. १९७४ मध्ये दवाखान्यातून निघालेली एक डॉक्टर बेपत्ता झाली; चाळीसेक वर्षांनी तिची मुलगी तपास सोपवते आणि वर्षभराची मुदत देते. आमच्याकडे अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढलेल्या पिढीला रहस्यकथा एका बैठकीत संपवायची सवय. ही संपता संपत नाही, आणि संपू नये असं वाटतं. पहिला तपास अधिकारी मनाचा तोल गेलेला, ज्योतिषाच्या नादी लागलेला. त्याच्या वहीतले ग्रह-राशी स्ट्राइकला वैताग आणतात. तिकडे कॉर्नवॉलला त्याला वाढवणारी मामी कर्करोगाने जातेय. इकडे रॉबिनचा घटस्फोट. या सगळ्यात एक छोटा प्रसंग आहे. नाताळात रॉबिनला अत्तर घ्यावं म्हणून स्ट्राइक 'लिबर्टी' या दुकानात जातो. बाटल्यांवरची नावं एकाहून एक धीट. हे दिलं तर ती काय समजेल, ते दिलं तर काय अर्थ निघेल, या विचाराने हा धिप्पाड माणूस घामाघूम होतो आणि शेवटी चॉकलेटं घेऊन मोकळा होतो. पुस्तकाच्या अखेरीस तिच्या तिसाव्या वाढदिवशी तो तिलाच अत्तराच्या दुकानात घेऊन जातो. प्रेमकथेत आणखी काय लागतं?

तिथून गाडी जरा घसरली. 'द इंक ब्लॅक हार्ट' (२०२२) त्याच वाढदिवसाच्या रात्री सुरू होतं. रिट्झ हॉटेलबाहेर तो तिच्याकडे झुकतो, तिचा चेहरा पाहून मागे सरतो, आणि मग हजारभर पानं मॅडलिन नावाच्या बाईबरोबर घालवतो. मॅडलिन कोण, कशी, हे मला आज विचारू नका. ती अडथळा म्हणून आली, अडथळा म्हणून गेली. त्यात ऑनलाइन खेळातल्या गप्पा पानावर शेजारी-शेजारी रकान्यांत छापलेल्या. डोळे पार थकतात. रॉबिनच्या वाट्याला पोलीस अधिकारी रायन मर्फी आला तोही इथेच. देखणा, सभ्य, आणि पूर्णपणे अनावश्यक.

'द रनिंग ग्रेव्ह'ने (२०२३) बरीच भरपाई केली. रॉबिन नाव बदलून नॉरफोकमधल्या एका पंथाच्या शेतावर जाऊन राहते. दर आठवड्याला रात्री कुंपणापर्यंत सरपटत जायचं, प्लॅस्टिकच्या खोट्या दगडात चिठ्ठी ठेवायची, आलेली वाचून फाडून टाकायची. बाहेर स्ट्राइक त्या चिठ्ठीवर आठवडा काढतो. त्याच दगडात मर्फीच्याही चिठ्ठ्या असतात, हे स्ट्राइकला आणि आपल्यालाही टोचतं. इथे दुरावा तपासातूनच आलाय, म्हणून तो खरा वाटतो. अखेरीस तो मनातलं बोलतो तेही कसं, तर त्याच्या मेलेल्या जुन्या प्रेयसीच्या चिठ्ठीच्या आडून. तेवढ्यात ती मर्फीला भेटायला निघालेली!

'हॉलमार्क्ड मॅन'मध्ये चांदीच्या दुकानाच्या तळघरातलं प्रेत कुणाचं, याचे इतके उमेदवार आहेत की वही घेऊन बसावं लागतं. खरी तक्रार वेगळीच आहे. रॉबिनवर या पुस्तकात जे शारीरिक संकट येतं ते फार गंभीर आहे आणि लिहिलंयही जाणत्या हाताने. पण त्यानंतरची शेकडो पानं अर्धवट वाक्यांवर आणि नेमक्या वेळी वाजणाऱ्या फोनवर चालतात. कथेतला काळ २०१०पासून जेमतेम सात वर्षं पुढे सरकलाय, आपली मात्र बारा गेली.

गुप्तहेराला प्रेमातून लग्नापर्यंत नेण्याचं काम डोरोथी सेयर्सने आटोपशीर केलं होतं. गुप्तहेरकथेत प्रेम जितकं कमी तितकं बरं, असं १९२८ मध्ये लिहिणाऱ्या या बाईने दोनच वर्षांत आपला गुप्तहेर पीटर विम्झी याला खुनाच्या आरोपाखालच्या हॅरिएट व्हेनच्या प्रेमात पाडलं. 'गॉडी नाइट'मध्ये, १९३५ साली, हॅरिएटने होकार दिला. मधली पाच वर्षं कुणी तिसरा आडवा आला नाही. ज्याने फासापासून वाचवलं त्याच्याशी बरोबरीने कसं जगायचं, हा हॅरिएटचा प्रश्नच पुरेसा होता. आणि लग्नानंतर गोष्ट संपते ही भीतीही खोटी; १९३७ मध्ये त्यांच्या मधुचंद्राच्या घरातच प्रेत निघालं.

रोलिंगबाईंना हे ठाऊक नसेल असं नाही. रॉबिन-स्ट्राइक एका घरात राहून भांडत, बिलं भरत तपास करताना मला वाचायला आवडेल. कंटाळा येणार नाही याची हमी देतो. मर्फीसाहेबांची तेवढी पुढच्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात ऑर्कनी बेटांवर बदली करा, बढतीसकट.