हिवाळ्यातील ऊन पाणी : बचत, सुरक्षा आणि सेवा



हिवाळा आला की पाश्चात्त्य देशांतील कुटुंबांसमोर घर ऊबदार ठेवण्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे घरे तापवावी लागत नाहीत. तथापि सिंधुदुर्ग धर्मप्रांताच्या किनारपट्टीपेक्षा घाटावरील कोल्हापुरात थंडी अधिक जाणवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 15 अंशांच्या आसपास उतरतो आणि स्नानाच्या पाण्यासाठी वीज, गॅस अथवा सरपण खर्ची पडते. हा खर्च कसा कमी करावा आणि तसे करताना कोणती खबरदारी घ्यावी, याचा विचार आपण येथे करू.

खर्चाचा हिशेब

एक लिटर पाणी एका अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून सुमारे 860 किलोकॅलरी मिळतात. नळाचे पाणी 20 अंशांचे असेल आणि स्नानास 40 अंशांचे हवे असेल, तर 20 लिटरच्या बादलीस 400 किलोकॅलरी लागतात. चौघांच्या कुटुंबात रोज चार बादल्या धरल्यास महिन्याला सुमारे 56 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिल्या 100 युनिटांचा दर कमी असतो. त्यापुढील 300 पर्यंतच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट पैसे पडतात. एरवी 80 युनिट वापरणारे कुटुंब हिवाळ्यात 136 वर पोहोचते. बादली 15 लिटरची केल्यास 56 ऐवजी 42 युनिट पुरतात आणि वाचलेले 14 युनिट महाग दराचेच असतात.

काटकसरीचे मार्ग

दोन किलोवॅटचा 15 लिटरचा गीझर 20 अंशांचे पाणी 50 अंशांपर्यंत सुमारे 16 मिनिटांत तापवितो. तो दिवसभर चालू ठेवल्यास टाकीतील उष्णता झिरपत राहते व पाणी पुनःपुन्हा तापते. म्हणून स्नानापूर्वी पाव तास तो चालू करावा आणि सर्वांनी लागोपाठ स्नान उरकावे. नवा गीझर घेताना लेबलावरील तारे पाहावेत. जास्त तारे म्हणजे टाकीतून उष्णतेची गळती कमी.

वृद्ध आणि मुलांचे स्नान दुपारी ठेवता येते. झाकण घातलेल्या भांड्यातील पाणी उन्हात 28 अंशांवर आले, तर 40 अंशांसाठी 20 ऐवजी 12 अंशच तापवावे लागते. म्हणजे दोन पंचमांश इंधन वाचते. ज्यांना गच्ची आहे त्यांनी सौर बंबाचा विचार करावा. कोल्हापूरचे हिवाळी आकाश बहुधा निरभ्र असते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या दिवसांत तो उपयोगी पडतो.

तांब्याचा बंब वापरणाऱ्यांनी चिपाडे, करवंट्या, शेणी पूर्ण वाळवून घ्याव्यात. ओल्या सरपणाची बरीच उष्णता त्यातील पाणी वाफविण्यातच जाते. प्लास्टिक व रबर मात्र कधीही जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो.

जिवाशी खेळ नको

काही बचती प्राणघातक ठरतात. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसविल्यास हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. हा गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे जाणवताच तत्काळ बाहेर पडावे. हाच धोका कोळशाच्या शेगडीचा आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी करून दारे-खिडक्या लावून घेण्याची रीत माता व बालक दोघांसही घातक आहे. पाणी तापविण्याचा विजेचा रॉड वापरताना बटण बंद करून प्लग काढल्याखेरीज पाण्यात हात घालू नये.

बचत कोणासाठी?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाच्या 211 व्या परिच्छेदात नेमका हाच विषय आहे. ऐपत असूनही घर कमी तापविणारा आणि ऊबदार कपडे घालणारा माणूस सृष्टीची निगा राखतो, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. आपल्या बादलीलाही तो लागू पडतो.

त्याच थंडीत जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात मराठवाड्यातून आलेली ऊसतोड कामगारांची कुटुंबे कोपीत राहतात. पहाटेच्या गारठ्यात त्यांची लेकरे उघड्यावर असतात. 11 नोव्हेंबरला आपण तूर येथील संत मार्टिन यांचा सण साजरा करतो. आमियां नगराच्या वेशीवर कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यास त्यांनी आपला अर्धा झगा कापून दिला, अशी परंपरा आहे. आगमनकाळाच्या तोंडावर येणारा हा सण आपणांस वाट दाखवितो.

म्हणून यंदा प्रत्येक कुटुंबाने गतवर्षीचे आणि या वर्षीचे जानेवारीचे वीजबिल शेजारी ठेवून पाहावे. जी रक्कम वाचेल तिची एक चादर अथवा लहान मुलाचा स्वेटर घ्यावा आणि जवळच्या कोपीत स्वतः नेऊन द्यावा. घरातील वृद्ध, आजारी व तान्ह्या बाळांच्या ऊन पाण्यात मात्र कपात करू नये. काटकसर सशक्तांनी करावी आणि ऊब दुर्बलांना मिळावी, अशीच प्रभू येशूची शिकवण आहे.