मासे तरतरीत, भाजी पिवळी: कारणे व उपाय

अ‍ॅक्वापोनिक्स पद्धतीत हौदातील माशांनी सोडलेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात व ते भाजीपाल्यास मिळते. भाजी रोडावल्यास कोणते पान प्रथम पिवळे पडले, हे आधी पाहावे.

1. कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या: ही लोहाची उणीव होय. माशांच्या खाद्यात लोह अल्प असते आणि पाण्याचा सामू साडेसातच्या वर गेल्यास असलेले लोहही मुळांना मिळत नाही. वाफ्यातील खडीवर लिंबाचा रस टाकावा. फेस आल्यास ती चुनखडीची समजून काढावी व काळ्या दगडाची खडी भरावी. दर 1,000 लिटर पाण्यास 6 टक्के लोह असलेले ईडीडीएचए चिलेट 33 ग्रॅम द्यावे. सामू 7 च्या आसपास हळूहळू आणावा. एकदम उतरविल्यास मासे दगावतात.

2. जुनी पाने पिवळी: नत्र अपुरे आहे. नव्या वाफ्यात जिवाणू वाढण्यास 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर खाद्य वाढवू नये. साचलेला अमोनिया माशांस मारक ठरतो.

3. दुपारी रोपे मलूल: नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. हौदावर सावली करावी व पंप रात्रीही चालू ठेवावा.

मावा दिसला तरी कीटकनाशक वा बोर्डो मिश्रण फवारू नये. ते पाण्यात उतरून मासे मरतात. किडकी पाने खुडून टाकावीत. येथे पाणी सुधारले म्हणजे पीक सुधारते.