बोर्डावरचा भाव कोणाचा?

वाशीमच्या बाजारात अडतीच्या दुकानात मी हिशेब लिहितो. हंगामात रोज एकच प्रश्न येतो : "भाऊ, मोबाइलवर बावन्नशे दाखवतात, मग माझं सोयाबीन अठ्ठेचाळीसशेनं कसं गेलं?"

मोबाइलवर दिसतो तो कमाल दर, आणि तो बहुतेक वेळा एखाद-दोन ढिगांचाच असतो. माल कोरडा, कचरा नाही, आणि त्याच घडीला तेलाच्या प्लँटची गाडी भरायची घाई असलेला खरेदीदार समोर. त्याची गाडी भरली की तो पुढच्या ढिगावर बोली लावत नाही. माल तसाच असला तरी भाव तुटतो. म्हणून कमाल दर सोडा, सर्वसाधारण दर बघा. बहुतेक माल त्याच्या आसपास विकला जातो.

शेअर बाजारातही असाच हर्रास, म्हणजे लिलाव चालतो, फक्त पडद्यावर. समजा, एका कंपनीचे ५० शेअर १०० रुपयांना विकायला लागलेत, १०० शेअर १०१ला आणि २०० शेअर १०३ला. कुणी म्हणालं, मिळेल त्या भावात ३०० घ्या. स्वस्त माल आधी उचलला जातो, मग त्यावरचा, आणि शेवटचे १५० त्याला १०३नं घ्यावे लागतात. सरासरी पडली १०१ रुपये ८३ पैसे, पडद्यावर मात्र भाव १०३. कंपनीत तसूभरही काही बदललेलं नसतं. मोठी मागणी आली हे दिसताच बाकीचे विकणारेही हात आखडतात, आणि भाव आणखी चढतो. घेणाऱ्यानं '१०१च्या वर नको' अशी मर्यादा घातली असती, तर १५०च शेअर मिळाले असते, पण भाव तिथंच थांबला असता.

परत सोयाबीनकडे येऊ : २०२१च्या ऑगस्टमध्ये ते क्विंटलला दहा हजारांवर गेलं होतं. केंद्रानं १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, पाठोपाठ नवा माल आला आणि भाव कोसळले. मग २० डिसेंबर २०२१ला सेबीनं सोयाबीनचे वायदे बंद केले आणि ती बंदी पुन्हापुन्हा वाढवली. तरी २०२४च्या हंगामात ४,८९२चा हमीभाव असताना बाजारात सोयाबीन त्याच्या खालीच विकलं गेलं. वायदे चालू होते तेव्हा पुढच्या महिन्यांच्या सौद्यांचे भाव पेरणीआधीही कुणालाही बघता यायचे. आता प्लँटची मागणी किती, हे व्यापाऱ्याला फोनवर कळतं. माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडे कालचा दर तेवढा असतो. हे मला अन्यायाचं वाटतं.