दोन कार्यप्रणालींचा लॅपटॉप : कुलूप कोणते, किल्ली कोणाकडे?



बारावीनंतर आपल्या शाळेची अनेक मुले अभियांत्रिकी, विज्ञान किंवा संगणक शाखेकडे जातात. कोणी येथेच सुरतेच्या एसव्हीएनआयटीत किंवा वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात प्रवेश घेतो, तर कोणी पुण्या-मुंबईला जातो. पहिल्या वर्षातच घरात लॅपटॉप येतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर दोन कार्यप्रणाली नांदू लागतात. ऑटोकॅडसारख्या ड्रॉइंगच्या कामासाठी विंडोज, तर प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एक निवडायची. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

आमच्या नात्यातील एका मुलीची गोष्ट सांगतो. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री तिने मैत्रिणीच्या मदतीने लॅपटॉपवर लिनक्स बसवले. सकाळी विंडोज सुरू करायला गेली, तर निळ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की मागितली गेली. असली काही किल्ली असते हेच तिला ठाऊक नव्हते. लॅपटॉप घेताना दुकानातील मुलाने स्वतःच्याच ई-मेलवर खाते उघडून दिले होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसली होती. तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. तीन महिन्यांचे काम डोळ्यांसमोर असूनही हाती आले नाही. चोर आला नव्हता, यंत्रही बिघडले नव्हते. कुलूप होते, पण किल्ली घरात नव्हती.

कुलूप लावायचेच कशाला?

पुष्कळांना वाटते, लॅपटॉपला पासवर्ड आहे, मग काळजी कसली? पण पासवर्ड हा फक्त दारावरचा पहारेकरी आहे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की पहारेकऱ्याला कोणी विचारतच नाही. ज्या लॅपटॉपवर दोन कार्यप्रणाली आहेत तेथे तर डिस्क काढायचीही गरज नसते. विंडोजचा भाग कूटबद्ध नसेल, तर लिनक्समधून त्यातल्या सगळ्या फाइली सहज वाचता येतात.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणे, म्हणजेच फुल डिस्क एन्क्रिप्शन, हा त्यावरचा उपाय. यात डिस्कवर लिहिला जाणारा प्रत्येक अक्षर-आकडा किल्लीच्या साहाय्याने बदलून ठेवला जातो. त्यासाठी बहुधा एईएस ही पद्धत वापरतात. अमेरिकेने ती 2001 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. किल्लीशिवाय डिस्कवर नुसता अर्थहीन कचरा दिसतो. सुट्टीत नंदुरबार-अमळनेरकडे जाताना भुसावळच्या गाडीत बॅग राहिली, तर नुकसान लॅपटॉपच्या किमतीएवढेच होते. आधार कार्डाची प्रत, बँकेचे कागद, पाहणीसाठी जमवलेली लोकांची माहिती परक्याच्या हाती पडत नाही.

अडचण कोठे येते?

दोन्ही घरांना एकच कुलूप लावता आले असते, तर काम सोपे होते. तसे सहजासहजी होत नाही. विंडोजचे स्वतःचे कुलूप बिटलॉकर. ते 2007 मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आले. लिनक्सचे कुलूप लक्स. व्हेराक्रिप्ट नावाचे मोफत साधन दोहोंकडे चालते, पण चालू कार्यप्रणालीची संपूर्ण डिस्क ते फक्त विंडोजची कूटबद्ध करते, लिनक्सची नाही.

काही डिस्कमध्ये कारखान्यातूनच कुलूप बसवलेले असते आणि ते दोन्ही कार्यप्रणालींना चालते. परंतु 2018 मध्ये नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही नामांकित कंपन्यांच्या अशा डिस्क पासवर्डशिवाय उघडून दाखवल्या. तेव्हापासून फक्त त्या कुलपावर विसंबणे शहाणपणाचे मानले जात नाही.

म्हणून व्यवहारात चांगला मार्ग हा : विंडोजच्या भागाला बिटलॉकर, लिनक्सच्या भागाला लक्स. विंडोजच्या होम आवृत्तीत बिटलॉकरचे पूर्ण नियंत्रण नसते. तेथे डिव्हाइस एन्क्रिप्शन ही साधी सोय असते. दोन्हीकडून लागणाऱ्या फाइलींसाठी तिसरा छोटा भाग ठेवून तो व्हेराक्रिप्टने कूटबद्ध करावा. तो दोन्हीकडे उघडतो.

निळा पडदा का आला?

बिटलॉकरची किल्ली बहुतेक लॅपटॉपमध्ये टीपीएम नावाच्या चिपच्या ताब्यात असते. यंत्र सुरू होताना सगळे नेहमीसारखे आहे ना, हे पाहूनच ती किल्ली देते. लिनक्स बसवल्यावर सुरू होण्याचा क्रम बदलतो. चिपला शंका येते आणि ती किल्ली देण्याचे नाकारते. हा बिघाड नव्हे, ही तिची इमानदारी आहे. शिवाय 2024 पासून नव्या विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की हे कुलूप बहुधा आपोआप लागते. मालकाला पत्ताही नसतो.

म्हणून लिनक्स बसवण्यापूर्वी हा क्रम पाळावा :

1. सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी.
2. खाते स्वतःच्या ई-मेलवर आहे याची खात्री करून रिकव्हरी की कागदावर उतरवावी.
3. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून जागा मोकळी करावी.
4. बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे.
5. लिनक्स बसवताना त्याचा भाग लक्सने कूटबद्ध करावा.
6. विंडोज एकदा नीट सुरू झाले, की बिटलॉकर पुन्हा चालू करावे.

आणखी एक सवय लावावी. प्रवासाला निघताना लॅपटॉप नुसता मिटू नये, पूर्ण बंद करावा. झोपलेल्या यंत्राच्या मेमरीत किल्ली तशीच राहते. ती तेथून मिळवता येते, हे 2008 मध्येच प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले आहे.

किल्ली कोणाकडे?

विद्यापीठाने किंवा संस्थेने दिलेला लॅपटॉप असेल, तर हा प्रश्न कळीचा ठरतो. विद्यार्थी किंवा शिक्षक सोडून गेला आणि किल्ली त्याच्यापाशीच राहिली, तर संस्थेचे काम अडकते. लक्समध्ये एका कुलपाला अनेक पासवर्ड देता येतात. एक वापरणाऱ्याचा, दुसरा संस्थेचा. बिटलॉकरची रिकव्हरी कीही संस्थेच्या नोंदीत ठेवता येते. मात्र लॅपटॉप मुलाचा स्वतःचा असेल, तर किल्ली त्याची आणि घरच्यांची. ती संस्थेने मागू नये.

विश्वस्तांनीही याकडे लक्ष द्यावे अशी विनंती आहे. शाळेच्या लॅपटॉपमध्ये मुलांची नावे, पत्ते, गुण असतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशी माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे.

शेवटी किल्लीच्या जागेविषयी. ऑगस्ट 2006 मध्ये तापीच्या पुराचे पाणी घराघरांत शिरले, ते सुरतकर विसरलेले नाहीत. तळमजल्यावरच्या कपाटांतले कागद लगद्यासारखे झाले होते. म्हणून किल्लीच्या दोन प्रती असाव्यात. एक घरी, उंचावर. दुसरी दुसऱ्या घरी, आजी-आजोबांकडे किंवा मामाकडे. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र कधीही नाही. किल्ली हरवली, तर कंपनीसुद्धा ती नव्याने घडवून देऊ शकत नाही.

पालकांनो, आज संध्याकाळी मुलांना एवढेच विचारा : "तुझ्या लॅपटॉपची रिकव्हरी की कोठे आहे?" उत्तर लगेच आले नाही, तर ती दोघांनी मिळून शोधा. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका.