एफ-टू जिंकली, आता पुढे काय? चॅम्पियनलाही एफ-वनची सीट का मिळत नाही?

फॉर्म्युला-टूचा विजेता पुन्हा त्या स्पर्धेत उतरू शकत नाही. म्हणजे ट्रॉफी आली की सीट गेली! मग पुढच्या सीझनचं काय?

लायसन्स : एफ-वनसाठी तीन सीझनमध्ये मिळून ४० गुण लागतात. एफ-टूतल्या पहिल्या तिघांना ते एकदमच मिळतात.

अडचण : २०२६ मध्ये संघ ११, सीट फक्त २२.

रिझर्व्ह ड्रायव्हर : २०२१चा विजेता ऑस्कर पियास्त्री वर्षभर अल्पाइनकडे थांबला, २०२३ मध्ये मॅकलारेनमधून धावला. २०२२चा विजेता फेलिपे द्रुगोविच मात्र अ‍ॅस्टन मार्टिनकडे रिझर्व्हच राहिला.

दुसरी मालिका : मुंबईचा जेहान दारूवाला २०२४ मध्ये मासेरातीकडून फॉर्म्युला-ईत उतरला.

थांबण्यात धोका असा, की रेसिंग सुटतं आणि तीन सीझननंतर जुने गुण मोजले जात नाहीत.