गोठलेल्या कांडीत उष्णता कशी शिरते?

रेतन करूनही एकवीस दिवसांनी गाय उलटली की दोष गाईवर नाहीतर वळूवर जातो. कधी कधी तो कांडी वितळवण्यात असतो.

उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली काढलेल्या 'बायफ'सारख्या संस्थांनी गोठीत रेत आपल्या दारापर्यंत आणलं. पाव मिलिलिटरची ही कांडी द्रव नायट्रोजनात उणे १९६ अंशांवर असते.

गोठलेल्या पेशींतून उष्णता किती वेगाने जाते हे मोजायला त्यात सुई खुपसतात. सुईत तापणारी बारीक तार आणि तापमापक. ठराविक उष्णता द्यायची; सुई सावकाश तापली तर उष्णता भोवती भराभर वाहून गेली असं समजायचं. पेशीत बहुतेक पाणीच, आणि बर्फ पाण्याच्या सुमारे चौपट उष्णता वाहतो. म्हणून मोठा तुकडा वितळताना बाहेर झालेला पाण्याचा थर आतल्या बर्फाला गोधडीसारखा झाकतो. पनवेलजवळ तळोज्यात मासळी गोठवतात, तिलाही हाच नियम.

कांडी मात्र जेमतेम दोन मिलिमीटर जाड! टाकीच्या गळ्याबाहेर थोडे सेकंद धरली तरी तापते. परत बुडवून उपयोग नाही; तोवर बर्फाचे बारीक कण मोठे होऊन पेशींना इजा झालेली असते. वितळवताना हा धोक्याचा टप्पा झटकन ओलांडायचा, म्हणून ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद. खिशात, तळहातावर चालणार नाही. पाणी बोटाने अजमावू देऊ नका, थर्मामीटर मागा. डॉक्टर रागावले तरी चालेल.